खेम, अभय आणि मानवी सुरक्षा : गोवंडीच्या पन्नास वर्षांचा विचार

आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या परिभाषेत गेल्या काही दशकांत जे शब्द रूढ झाले आहेत, त्यांत 'मानवी सुरक्षा', 'संरचनात्मक हिंसा' आणि 'शांतता-उभारणी' हे प्रमुख होत. परिषदांमधून हे शब्द उच्चारले जातात तेव्हा श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर बोस्निया, रवांडा, सोमालिया अशी नावे उभी राहतात. ते स्वाभाविकही आहे. तथापि या शब्दांची कसोटी पाहावयाची असेल तर इतक्या दूर जाण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. हार्बर मार्गावरील गोवंडी स्थानकावर उतरून शिवाजीनगर, बैंगनवाडीपर्यंत पायी गेले तरी पुरे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक खुलासा करणे अगत्याचे वाटते. आधुनिक काळात कोणतीही नवी संकल्पना पुढे आली की 'हे तर आमच्या त्रिपिटकात अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले आहे' असे म्हणण्याची सवय आपल्या व्यासपीठांवर वाढीस लागली आहे. पालि भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला ती मान्य नाही. सुत्तांचा काळ निराळा, त्यांतील राजा निराळा, त्यांतील दारिद्र्यही निराळे. साम्य दाखवावे ते विचाराच्या रचनेत, आणि तेही ग्रंथ उघडून. या लेखात दोन-तीन सुत्तांचा आधार आम्ही घेणार आहोत तो याच मर्यादेत.

'सुरक्षा' हा शब्द दीर्घकाळ राज्याच्या मालकीचा होता. सीमा, सैन्य, शस्त्रसाठा आणि हेरखाते हा त्याचा परिवार. १९९४ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मानव विकास अहवालाने हा प्रश्न उलटा करून विचारला : सुरक्षित व्हावयाचे ते कोणी? राज्याने की त्यात राहणाऱ्या माणसाने? या अहवालामागे महबूब-उल-हक हे अर्थतज्ज्ञ होते. जन्म जम्मूचा, पुढे पाकिस्तानचे अर्थमंत्री. ज्या दोन राष्ट्रांनी परस्परांच्या भीतीपोटी आपली तिजोरी शस्त्रांवर रिती केली, त्यांच्याच भूमीतून हा प्रश्न यावा हे लक्षात घेण्याजोगे आहे. अहवालाने सुरक्षेची सात अंगे सांगितली : आर्थिक, अन्नविषयक, आरोग्यविषयक, पर्यावरणीय, व्यक्तिगत, सामुदायिक आणि राजकीय. या सर्वांच्या मुळाशी दोन मुक्ती आहेत, भयापासून मुक्ती आणि अभावापासून मुक्ती. हे दोन शब्दप्रयोग अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४१ च्या भाषणात वापरले होते. १९४५ नंतरच्या जगाने त्यांपैकी पहिला उचलला आणि त्याचा अर्थ रणगाडे असा लावला. दुसरा कल्याणखात्याकडे गेला.

याच्या पंचवीस वर्षे आधी, १९६९ मध्ये, नॉर्वेचे योहान गाल्टुंग (मृत्यू २०२४) यांनी एका निबंधात हिंसेची व्याख्या विस्तारली होती. कोणी कोणावर हात उगारला तरच हिंसा घडते असे नव्हे; टाळता येण्याजोगा मृत्यू जेव्हा टाळला जात नाही, तेव्हाही हिंसा घडतेच, मात्र तिच्या मागे मारेकरी दिसत नाही. त्यांनी दिलेले उदाहरण क्षयरोगाचे आहे. अठराव्या शतकात क्षयाने माणूस दगावला तर त्यास हिंसा म्हणता येणार नाही, कारण उपायच नव्हता. उपाय हाती असताना आज तो दगावला तर म्हणावे लागेल. हे उदाहरण वाचताना आम्हांस नेहमी आठवते ते असे की, युद्धभूमीवर वैद्यकीय सेवा देण्याबद्दल जगभर ख्यात असलेल्या 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेने मुंबईत आपले चिकित्सालय चालविले ते गोवंडीत, आणि तेथील रुग्ण होते औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे.

आता दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताकडे वळू. चक्रवर्ती राजाच्या कर्तव्यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. पहिली 'रक्खावरणगुत्ति', म्हणजे प्रजेचे धर्मानुसार रक्षण, आच्छादन व गोपन. दुसरी निर्धनांस धन देणे. वंशातील पुढील एक राजा पहिली गोष्ट यथासांग करतो, दुसरी करीत नाही. सुत्तकाराने हे फार नेमकेपणाने नोंदविले आहे : राजा दुष्ट नव्हता, बंदोबस्तात त्याने कसूर केली नाही, परंतु निर्धनांस धन दिले नाही. तेथून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीला शिरच्छेदाची शिक्षा, ती शिक्षा पाहून लोकांनी स्वतःच शस्त्रे घडविणे आणि मग हत्या, असा क्रम चालू होतो. या घसरणीचे माप म्हणून सुत्ताने आयुर्मान वापरले आहे. पिढी दर पिढी माणसाचे आयुष्य घटत जाते आणि अखेर दहा वर्षांवर येते. हाच राजा आधी चोरांना धन देऊन पाहतो हेही विसरता कामा नये. चोरी केल्यावर धन मिळते असे कळल्यावर चोर वाढतात. संघर्ष पेटल्यावर वाटलेली मदत आणि संघर्षाआधी दिलेला वाटा यांतील भेद सुत्तकाराला ठाऊक होता. दंगलीनंतर जाहीर होणाऱ्या 'पॅकेज'च्या संदर्भात हा भाग पुन्हा वाचण्यासारखा आहे.

रक्षण आहे आणि वाटा नाही, अशा राज्यव्यवस्थेचा नमुना म्हणून गोवंडीचा इतिहास पाहता येतो. किंबहुना येथे रक्षणाचीच किंमत वसुलीस आली.

देवनारचे डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. सुमारे १३२ हेक्टर जमिनीवर शहराने जवळजवळ शतकभर कचरा ओतला. १९७१ मध्ये देवनारचा पशुवधगृह प्रकल्प सुरू झाला. त्याच दशकात शहराच्या अन्य भागांतून हटविलेल्या झोपडीवासीयांना डंपिंगच्या कडेला लहान लहान भूखंड देऊन वसविण्यात आले. शिवाजीनगरची आखीव गल्ल्यांची रचना त्या काळची आहे. म्हणजे ही वस्ती 'अनधिकृत' म्हणून उगवली नाही. तिचा मोठा भाग महापालिकेने स्वतः आखून दिला. शहराला जे जे नकोसे होते, कचरा, कत्तलखाना आणि गरीब माणूस, ते एका दिशेला नेऊन ठेवण्याचे धोरण त्यात स्पष्ट दिसते. जातिव्यवस्थेने गावाची वेस आखताना हेच केले होते, हे आमच्या वाचकांना निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पण याहून बोलके उदाहरण शेजारच्या जनता कॉलनीचे आहे. मानखुर्द-तुर्भे परिसरातील ही वस्ती स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत शहरातून हलविलेल्या लोकांचीच होती. पुढे तिच्या लगत अणुशक्ती आस्थापना आली. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या आस्थापनेला १९६७ मध्ये डॉ. होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. केंद्राच्या वसाहतीला लागून असलेली जनता कॉलनीची जमीन केंद्राला हवी होती. त्यावरून अनेक वर्षे संघर्ष चालला. वस्तीचे नेतृत्व जोकिन अर्पुतम या कोलार गोल्ड फील्ड्सहून आलेल्या तरुणाकडे होते. साठच्या दशकाच्या अखेरीस महापालिका कचरा उचलीत नाही म्हणून त्यांनी वस्तीतील मुलांच्या हाती कचऱ्याची एकेक पुडी दिली आणि ती पालिकेच्या कचेरीसमोर नेऊन टाकविली, ही हकीकत ते पुढे स्वतः सांगत असत.

मे १९७४ मध्ये पोखरण येथे भारताचा पहिला अणुस्फोट झाला. त्यातील प्लुटोनियम तुर्भ्याच्या 'सायरस' अणुभट्टीतून आले होते. राष्ट्राच्या सुरक्षेतील हे मोठे पाऊल मानले गेले आणि त्याला बुद्धाच्या स्मिताचे नाव जोडले गेले. त्या नावाविषयी आमच्या पूर्वसूरींनी जे लिहावयाचे ते लिहिले आहे. आम्ही येथे एवढीच नोंद करतो की त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १९७६ मध्ये, आणीबाणीचा अंमल असताना, मोठ्या पोलीस बंदोबस्तात जनता कॉलनी जमीनदोस्त करण्यात आली. सुमारे ७० हजार माणसे हलविली गेली असे सांगितले जाते. त्यांना नेऊन सोडले ते खाडीकाठच्या दलदलीच्या जागेवर. आज तीच वस्ती चीता कॅम्प म्हणून ओळखली जाते. रक्खावरणगुत्ति अशी एका बाजूने परिपूर्ण झाली. जोकिन यांनी पुढे राष्ट्रीय पातळीवर झोपडीवासीयांचा महासंघ उभारला, २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट या लेखाच्या ओघात पुढे येईल.

६ डिसेंबर १९९२ नंतरची मुंबई आमच्या पिढीने शाळकरी वयात पाहिली. गोवंडी-देवनारचा भाग डिसेंबरच्या हिंसाचारात विशेष होरपळला. आमची मावशी तेथे एका चाळवजा गल्लीत राहत असे. तोपर्यंत त्या गल्लीत रात्री निजेपर्यंत कोणाचेही दार लागत नसे. दारात पडदा असे, तोही उन्हासाठी. जानेवारीनंतर आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा भर दुपारी सर्व दारांना आतून कड्या होत्या आणि हाक मारल्यावर आधी नाव विचारले जाई. मावशीचे दार पुढे पुष्कळ वर्षे तसेच बंद राहिले. कूटदन्त सुत्त प्रथम शिकलो तेव्हा त्यातील 'अपारुतघरा' या एका शब्दापाशी आम्ही अडलो होतो, ते या दारांमुळे. त्या सुत्तात उपद्रव शमलेल्या राज्याचे वर्णन येते. जनपद 'खेम' झाले आहे, म्हणजे निर्भय व कंटकरहित झाले आहे, आणि त्याची खूण काय, तर माणसे मुलांना उराशी नाचवीत आहेत आणि घरांची दारे उघडी आहेत. सैन्याची संख्या सांगितलेली नाही.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ या दोन पर्वांतील मृतांची संख्या ९०० दिली आहे : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर. त्यांपैकी ३५६ मृत्यू पोलीस गोळीबारात झाले आणि ३४७ भोसकण्याने. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ जण गेले, ते निराळे. २५ जानेवारी १९९३ रोजी नेमलेला हा आयोग जानेवारी १९९६ मध्ये राज्य शासनाने गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा जिवंत केला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल सादर केला. अहवाल आला, दोषींवरील कारवाई बहुतांशी कागदावर राहिली.

त्या जानेवारीतील भयाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. समुद्रातून शस्त्रे घेऊन होड्या येत असल्याच्या अफवा पसरत होत्या, सोसायट्यांच्या गच्च्यांवर दगड आणि बाटल्या जमा होत होत्या, रात्ररात्र गस्त चालू होती. प्रत्येक बाजू म्हणत होती की हे केवळ आत्मरक्षणार्थ आहे, आणि त्यातील पुष्कळ लोक खोटे बोलत नव्हते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात यालाच सुरक्षेचा पेच म्हणतात. जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये तो राष्ट्रांच्या संदर्भात मांडला. एकाने रक्षणासाठी उचललेली काठी दुसऱ्याच्या दृष्टीने हल्ल्याची तयारी ठरते आणि दोघांचेही भय वाढते. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताचा प्रारंभ याच निरीक्षणाने होतो : दंड हाती घेण्यातूनच भय जन्मते. अंगुत्तरनिकायात पंचशीलाला पाच महादाने म्हटले आहे. जो प्राणिहत्येपासून विरत होतो तो असंख्य जीवांना अभय देतो आणि त्यामुळे स्वतःही अभयाचा वाटेकरी होतो. अभय ही एकट्याने मिळविण्याची वस्तू नाही, ती दिल्यानेच मिळते, असा याचा अर्थ आम्ही घेतो. शील ही वैयक्तिक पुण्याची बाब मानणाऱ्यांनी या सुत्ताकडे पुन्हा पाहावे.

असे अभय व्यवहारात कसे देतात? याचे उत्तर मुंबई जळत असताना जवळच भिवंडीने दिले होते. १९७० आणि १९८४ या दोन्ही साली भीषण दंगली भोगलेले हे यंत्रमागांचे शहर १९९२-९३ मध्ये शांत राहिले. १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. पूर्वीच्या शांतता समित्यांत तेच ते पुढारी बसत आणि दंगल झाल्यावर हारतुरे घेऊन फिरत. खोपडे यांनी सामान्य रहिवाशांना, दोन्ही समाजांच्या, घेतले आणि मोहल्ल्याची जबाबदारी खालच्या दर्जाच्या पोलिसांवर सोपविली. या बैठकांत 'ऐक्य' या विषयावर भाषणे होत नसत. भाडेकरूचे भांडण, नळाचा वाद, गल्लीतील दारूचा अड्डा असे प्रश्न येत आणि सोडविले जात. डिसेंबर १९९२ मध्ये अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारण्यासाठी पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस होता.

संयुक्त राष्ट्रांचे महासचिव बुत्रोस घाली यांनी जून १९९२ च्या आपल्या अहवालात 'शांतता-उभारणी' ही कल्पना मांडली, त्याच्या चार वर्षे आधी एका मराठी पोलीस अधिकाऱ्याने ती यंत्रमागांच्या खडखडाटात करून दाखविली होती. मुंबईत १९९३ नंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिने शहराची मोठी सेवा केली आहे. १९९३ नंतर त्या प्रमाणावर दंगल मुंबईत झाली नाही, याचे काही श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु दंगल न होणे ही गाल्टुंग यांच्या भाषेत अभावरूप शांतता होय. भावरूप शांततेचे काय? ११ जुलै १९९७ रोजी गोवंडीपासून फार दूर नसलेल्या घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. तेथे दोन समाजांत दंगल नव्हती. समेट घडविण्यासाठी दुसरा मोहल्लाच नव्हता. समोर होते ते 'रक्षण'. समाजांमधील वैर शमविणारी मोहल्ला समितीची पद्धती येथे अपुरी पडते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीविषयी जो इशारा दिला होता, तो या जागी अधिक उपयोगी ठरतो.

अभावरूप शांततेच्या याच काळातील काही नोंदी पाहाव्यात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या २४ विभागांची क्रमवारी लावली आहे. गोवंडीचा समावेश असलेला एम-पूर्व विभाग त्यात शेवटचा असून त्याचा निर्देशांक ०.०५ आहे, मलबार हिलचा डी विभाग ०.९६ वर आहे. याच सुमारास या विभागातील मृत्यूचे सरासरी वय ३९ वर्षांच्या आसपास असल्याचा आकडा वारंवार उद्धृत होऊ लागला. वाचकांनी येथे सावध राहावे. मृत्यूचे सरासरी वय आणि अपेक्षित आयुर्मान ही दोन निराळी मापे आहेत. जेथे बालकांची संख्या अधिक तेथे पहिले माप आपोआप खाली येते. सावधगिरी बाळगूनही आकडा भयंकरच राहतो. आयुर्मानावरून राज्याची परीक्षा घेणाऱ्या सुत्तकाराला तो अपरिचित वाटला नसता. जानेवारी २०१६ मध्ये डंपिंगला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवराची साथ आली ती गोवंडीच्या याच वस्त्यांतून, आणि लस उपलब्ध असलेल्या रोगाने मुले दगावली. या साऱ्या काळात तेथे दंगल नव्हती.

कूटदन्त सुत्ताकडे एकदा परत जावे लागेल. महाविजित राजाला महायज्ञ करावयाचा आहे. राज्यात लूटमार चालू आहे. पुरोहित त्याला सांगतो की वध-बंधनाने उपद्रव समूळ जाणार नाही, उरलेले पुन्हा उठतील. शेती व पशुपालन करणाऱ्यांस बीज व अन्न, व्यापाऱ्यांस भांडवल, राजसेवकांस वेतन दे. आमच्या व्याख्यानांतून हा उतारा वारंवार उद्धृत केला जातो, आम्हीही केला आहे. पण त्यातील एक उणीव अलीकडे आम्हांला खटकू लागली आहे. राजा विचारतो पुरोहिताला. बीज किती, कोठे, केव्हा हवे, हे शेतकऱ्याला कोणी विचारल्याचा उल्लेख सुत्तात नाही. देणारा शहाणा आहे म्हणून सर्व ठीक होते. जोकिन यांचे कार्य येथे सुत्ताच्या पुढे जाते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. वस्तीने स्वतःची मोजणी स्वतः करावयाची, स्त्रियांनी दररोज रुपया-दोन रुपये साठवून बचतगट चालवावयाचा आणि मग त्या वह्या घेऊन अधिकाऱ्यासमोर बसावयाचे, हा मार्ग त्यांनी 'स्पार्क' आणि 'महिला मिलन' यांच्या सोबतीने रूढ केला. जनता कॉलनी पडली तेव्हा तेथील माणसांचा आकडा सरकारच्या हाती होता. पुढच्या वस्त्यांत तो माणसांच्या हाती राहावा, अशी ही खटपट होती. २००३ मध्ये सादाको ओगाता आणि अमर्त्य सेन यांच्या आयोगाने मानवी सुरक्षेची दोन अंगे सांगितली, वरून मिळणारे संरक्षण आणि खालून येणारे सक्षमीकरण. त्यांतील दुसऱ्याचा अर्थ आम्हांला कळला तो या वह्यांमधून.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनार डंपिंग ग्राउंडची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पातील लोकांच्या पुनर्वसनासाठी देण्यास मान्यता दिली. १९७६ मध्ये माणसे दलदलीवर नेली होती. आता कचऱ्याखालची जमीन साफ करून तिच्यावर न्यावयाची आहेत. नियोजनाचे नकाशे तयार होत असतील, पोलीस बंदोबस्ताचाही हिशेब कोठेतरी मांडला जात असेल. ज्यांना तेथे राहावयाचे आहे त्या धारावीच्या कुटुंबांना, आणि ज्यांच्या शेजारी ती येणार आहेत त्या शिवाजीनगर व रफीनगरच्या रहिवाशांना, एकत्र बसवून विचारणारी मोहल्ला समिती अद्याप आमच्या पाहण्यात आलेली नाही. पाणी दोघांना एकाच जलवाहिनीतून घ्यावे लागेल.